तुलनेचं गाव

तहसीलच्या सभागृहात स्टीलचे दोन डबे ठेवले होते.
एकात गावांची नावं, दुसऱ्यात नशीब.
चिठ्ठ्या शिपायाच्या मुलीनं काढल्या, पाचवीतली,
शाळा बुडाली म्हणून खूश.

मोहबोडीला कॅलेंडर निघालं:
गोळी घेतली की त्या दिवशी लाल टिकली चिकटवायची,
आणि खाली छापलेलं, तुमच्या गल्लीतल्या
दहापैकी सात जणी रोज घेतात.
चिचखेड्याला काही निघालं नाही.
"हे आपलं तुलनेचं गाव," सर म्हणाले,
"इथं काहीच करायचं नाही. आणि ते नीट करायचं."

गोळ्या दोन्हीकडे त्याच, उपकेंद्रातल्या एकाच खोक्यातल्या.

आम्हाला दीड दिवस फक्त चेहरा शिकवला.
हसू नका. मान डोलवू नका. अरे वा म्हणू नका.
विचारा, लिहा, उठा.
एका फॉर्मचे तीस रुपये, पेट्रोल आपलं.

बुधवारी चिचखेडा.
प्रश्न चौदा: गेल्या सात दिवसांत लोहाची गोळी किती दिवस घेतली?
भागरता चौखे चुलीसमोरून न उठता म्हणाली,
"शून्य. लिही.
तोंडाले खिळ्याचा वास येते,
अन् पोरगं काळं होते म्हणते माही सासू.
तेही लिही."
त्याला जागा नव्हती.
शून्य लिहिलं.

पुढच्या बुधवारी शून्य.
त्याच्या पुढच्या बुधवारी तिनंच विचारलं,
"मांगच्या खेपेस काय लिहिलं होतं माहं?"
सांगता येत नाही, बाई.
"माहंच, अन् मलेच नाही?"

पाचव्या बुधवारी एक.
म्हणताना ती दुसरीकडे पाहत होती.

मग रोवणा लागला.
पोटऱ्यांपर्यंत चिखल, तशीच दारात उभी राहिली,
"तीन. थांब जराशी."
कवेलूखालून काढून आणले तिनं
गोळ्यांचे रिकामे चंदेरी तुकडे,
नखानं चपटे केलेले, दोऱ्यात ओवलेले,
"तू एवढ्या दुरून येतेस विचाराले.
दर खेपेस शून्य सांगाव, बरं नाही वाटत."
शेजारच्या निरुता मडावीकडे तर काडेपेटी भरली होती.

मी चेहरा कोरा ठेवला.
त्या दिवशी ते काम तीस रुपयांचं नव्हतं.

नागपूरच्या ऑफिसात सरांनी आलेख उघडला.
मोहबोडीची रेघ वर जायला हवी होती, गेली.
चिचखेड्याची जिथल्या तिथं राहायला हवी होती,
ती मागोमाग निघाली होती,
धुऱ्यावरून एकीमागे एक चालणाऱ्या बायांसारखी.
"तिथं कोणी काही सांगितलं का त्यांना?"
नाही सर. फक्त विचारलं.
सरांनी चष्मा काढला, पुसला,
आणि चिचखेड्यापुढे लिहिलं: बिघडलं.
माणूस वाईट नव्हता. डबा आणायचा, भाजी सगळ्यांना वाढायचा.

खरं तर मलाही माहीत नाही
गोळ्या पोटात गेल्या की उकिरड्यावर.
तुकडे मोजता येतात.
प्रश्न चौदानंतर एकदम पंधरा होता, घरात शौचालय आहे का.

दिवाळीआधी पत्र निघालं.
कॅलेंडर आता सगळ्या गावांना.
ती आधीच छापून ठेवलेली होती.
विचारणं बंद, त्याचं शीर्षच नव्हतं बजेटात.

धान कापणीच्या दिवसांत एकदा
स्कूटीवरून चिचखेड्याच्या फाट्यानं चालले होते,
दुसऱ्याच कामाला, रेशनकार्डांच्या.
दूर बांधीत कोणी कंबर सरळ केली.
भागरताच. धुऱ्यावरच्या झाडाला झोळी टांगलेली.
तिनं विळ्याचा हात खाली घेतला, दुसरा वर केला,
चार बोटं.

मी विचारलं नव्हतं काही.
लिहायलाही काही नव्हतं.
मी मान डोलावली.
हेल्मेट होतं डोक्यावर,
तिला दिसलं की नाही, कोण जाणे.